शेड तीच, जोतं उंच

तौक्ते वादळ 17 मे 2021ला मुंबईसमोरून गुजरातकडे सरकलं. नवी मुंबईत बातम्या झाल्या त्या पडलेल्या झाडांच्या. खाडीकाठी काय झालं ते मला कळलं एका मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आमच्या ऑफिसात आले तेव्हा. जाळी विणायची आणि ठेवायची शेड आडवी झाली होती, पत्रे खाडीत गेले होते, आतली सगळी जाळी चिखलात रुतली होती. शेजारच्या धक्क्याची कडही ढासळली होती. "मॅडम, होती तशी उभी करू द्या, जास्त काही मागत नाही," एवढंच ते म्हणाले.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात परवानग्यांचं काम बघते. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या केंद्राच्या नियमांच्या, फायली माझ्याकडे असतात. त्या वेळी 2011ची अधिसूचना चालू होती. 2019ची निघालेली असली तरी तिच्याप्रमाणे नकाशे मंजूर होईपर्यंत जुनीच लागू. शहरी किनाऱ्यावर रस्त्याच्या पाण्याकडच्या अंगाला नवी इमारत बांधता येत नाही. मात्र जुनं अधिकृत बांधकाम आहे त्याच वापरासाठी आणि चटईक्षेत्राच्या, म्हणजे बांधायला मुभा असलेल्या एकूण क्षेत्राच्या, मर्यादेत पुन्हा उभारता येतं. अडतं ते पुराव्यावर. पहिली सीआरझेड अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991ची, त्यामुळे शेड त्याआधीची आहे हे कागदावर दाखवावं लागतं. नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992ला सुरू झाली. म्हणजे कागद शोधायचा तो ग्रामपंचायतीच्या काळातला, आणि कोळीवाड्यात शेड बांधताना नकाशा कोण काढत होतं?

सोसायटीच्या एका दिवंगत सेक्रेटरींच्या घरी पत्र्याची ट्रंक निघाली. त्यांच्या पत्नीने एकेक कागद जमिनीवर मांडला. लग्नपत्रिका, रेशनकार्डं, इंजिनाच्या कर्जाचे हप्ते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली ग्रामपंचायतीची कराची पावती. साल 1986. 'जाळी शेड, खाडीकिनारा' असं निळ्या शाईत लिहिलेलं. घडीवर कागद फाटला होता, पण शिक्का शाबूत होता. अध्यक्षांनी ती पावती दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ कुणाला देईनात.

स्थळपाहणी मी मुद्दाम उधाणाच्या दिवशी ठेवायची विनंती केली होती. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी खाडी शांत असते, बघणाऱ्याला वाटतं इथे कसलं पाणी येणार. पाहणीला आलेले इंजिनीयर तरुण होते, मोजमाप मात्र चोख घेत होते. भरती चढत गेली तसं पाणी तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांतून वर आलं आणि जुन्या ओट्याला टेकलं. वादळ नाही, पाऊस नाही, नेहमीचं उधाण. जाळी निवडत बसलेल्या एक आजी उठल्या, उरलेल्या एकुलत्या खांबापाशी गेल्या आणि कमरेच्या थोडं खाली हात लावून म्हणाल्या, "बाय, वादलाच्या राती पानी यवरं आयलं व्हतं." तिथे चिखलाची सुकलेली रेघ होती. मी टेप लावली. ओट्यापासून सव्वादोन फूट.

म्हणजे होती तशी बांधली तर पुढच्या वादळात पुन्हा तेच. मी जोतं अडीच फूट उचलायचं सुचवलं. इंजिनीयर म्हणाले, "उंची वाढवली की मूळ बांधकामात बदल झाला. तो मी कसा मान्य करू?" त्यांचं म्हणणं मला समजत होतं, सही त्यांची असणार होती. मी अधिसूचनेची प्रत काढून ते कलम पुढे ठेवलं. अट चटईक्षेत्राची आहे आणि वापराची आहे, जोत्याच्या उंचीबद्दल तिथे ओळ नाही. त्यांनी ते सावकाश वाचलं, खांबावरची रेघ स्वतः पुन्हा मोजली, आणि पाहणी अहवालात लिहिलं की क्षेत्र आणि वापर तोच राहून जोतं पूररेषेच्या वर घेण्यास हरकत दिसत नाही. त्या वाक्यामुळे फाईल पुढे सरकली.

पण एखाद्या इंजिनीयरच्या समजूतदारपणावर कोळीवाड्याचा धंदा टिकवायचा का? अमेरिकेतल्या मेन राज्यात जानेवारी 2024मध्ये 10 आणि 13 तारखेला लागोपाठ दोन वादळं आली आणि मच्छीमारांचे कितीतरी धक्के वाहून गेले. तिथल्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा बदलून पडलेले धक्के पूर्वीपेक्षा उंच बांधायची मुभा दिली आणि मासेमारीच्या धक्क्यांसाठी अडीच कोटी डॉलर वेगळे काढले. आपल्याकडेही हे स्पष्ट लिहिलेलं हवं: वादळाने पडलेली मासेमारीची जागा पाण्याच्या वर उचलून बांधता येईल.

सवलतीला कुलूपही तितकंच पक्कं पाहिजे. 'जाळी शेड' नाव देऊन आत हॉटेलचं किचन दाखवणारे नकाशे माझ्या टेबलावर आलेत, मी ते हातात घेत नाही. सवलत सोसायटीच्या नावावर आणि मासेमारीच्या वापरावरच असावी, वापर बदलला की ती रद्द. खारफुटीला तर हात लावायचाच नाही. सप्टेंबर 2018च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तिच्या भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखला आहे, सार्वजनिक हिताच्या कामालाही तिथे न्यायालयाची परवानगी लागते. तिवरं नसती तर त्या रात्री पाणी घरांत शिरलं असतं, हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल.

शेड उभी राहिली. जोतं उंच झाल्यावर डोक्यावर टोपली घेऊन पायऱ्या चढणं बायकांना जड गेलं असतं, म्हणून पायऱ्यांऐवजी उतार केला, तो त्याच आजींनी सुचवला. धक्का मात्र त्या 50 मीटरच्या पट्ट्यात येतो. त्याची फाईल वेगळी केली असून अर्जाला खांबावरच्या रेघेचा फोटो आणि 1986च्या पावतीची प्रत जोडली आहे.