‘बॉक्सर’ ऐकताना: एक, पाच, नऊ

मंगळवार, रात्र

आज जमलं. टेबलावर डाव्या हाताने तीन आणि उजव्या हाताने चार, एकाच आवर्तनात. गेले चार दिवस जेवण झालं की हेच चाललंय. बारापर्यंत मोजायचं. डाव्याची थाप १, ५, ९ वर, उजव्याची १, ४, ७, १० वर. दोन्ही हात भेटतात ते फक्त एकवर, बाकी वेळ ज्याची त्याची वाट वेगळी. कालपर्यंत पाचवर पोचलं की उजवा हात डाव्याच्या मागे फरफटत जायचा. आज डोळे मिटून नुसता ‘एक’ धरून ठेवला आणि बाकीचं आपसूक बसलं.

हा खटाटोप ‘फेक एम्पायर’साठी. ‘द नॅशनल’ या अमेरिकन रॉक बँडच्या ‘बॉक्सर’ अल्बममधलं पहिलं गाणं. त्याचा पियानो असाच तिनावर चार चालतो. इतकी वर्षं ते गाणं मला जागरण झालेल्या माणसाच्या चालीसारखं वाटायचं, जरा डगमगणारं, पण तोल न जाणारं. ते तसं का वाटतं, हे आज हातांना कळलं.

अल्बम २००७ चा. मला तो काही वर्षांनी एका मैत्रिणीने दिला. तेव्हाच्या वहीत मी लिहिलंय, ‘सगळी गाणी एकाच रंगाची. गायक पुटपुटतो.’ ते अगदीच खोटं नव्हतं. मॅट बर्निंजरचा आवाज खर्जातला, मोजक्या सुरांत घुटमळणारा. मी लगेच गुणगुणता येईल असा मुखडा शोधत होते आणि तो सापडेना. दोनदा ऐकून बाजूला ठेवला. परत द्यायला गेले तर ती म्हणाली, “राहू दे तुझ्याकडे. घाई नाही.”

पुढे केव्हातरी इस्त्री करताना तो मागे लावला होता. ‘स्क्वॉलर व्हिक्टोरिया’ सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की शर्टाच्या बाहीवर हात ड्रम्सच्या ठेक्याने फिरतोय. मी इस्त्री उभी केली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. गायक एका जागी उभा आहे आणि गाण्याला पुढे नेतोय तो ब्रायन डेव्हनडॉर्फ, ड्रम्सवर बसलेला. मी सूर ऐकत बसले होते, आणि हालचाल सगळी तिकडे होती. त्या दिवसापासून एकाच रंगाची वाटणारी गाणी सुटी होत गेली. आधी ‘ब्रेनी’, मग ‘अपार्टमेंट स्टोरी’. ‘एडा’ला बरेच महिने लागले, आणि आज बारा गाण्यांतलं तेच मला सगळ्यात जवळचं आहे. त्यातला पियानो सुफियान स्टीव्हन्स या दुसऱ्याच गायक-गीतकाराचा आहे, हे मला फार उशिरा समजलं.

‘स्लो शो’बद्दल मात्र नीट लिहून ठेवायचंय. पार्टीत अवघडून उभा असलेला माणूस. त्याला तिथून निघून घरी जायचंय, तिला हसवायचंय. गाणं तसं चालत राहतं आणि शेवटाकडे सरळ वळण घेतं. पियानो उरतो आणि दुसऱ्याच कुठल्या गाण्यातल्या असाव्यात अशा दोन ओळी फिरून फिरून येतात. पहिल्यांदा मला वाटलं, पुढचं गाणं सुरू झालं. त्या ओळी खरंच दुसऱ्या गाण्यातल्या आहेत. त्यांच्या २००१ च्या पहिल्या अल्बममध्ये ‘ट्वेंटी-नाइन इयर्स’ नावाचं गाणं आहे, त्यातल्या. म्हणजे सहा वर्षं त्या ओळी त्यांनी जवळ ठेवल्या, आणि मग या गाण्यात त्यांना घर मिळालं. पार्टीतला माणूस नसता तर त्या ओळी नुसत्या गोड वाटल्या असत्या. इथे त्या आल्या की माझा गळा दाटतो, आजही दाटला.

कव्हरवरचा कृष्णधवल फोटोही मी चुकीचा वाचला होता. कुठल्यातरी क्लबमधला कार्यक्रम असेल असं धरून चालले होते. तो आहे त्यांचा निर्माता पीटर कॅटिस याच्या लग्नातला. लोक आपल्या आनंदात आहेत आणि हे पाच जण वाजवतायत. हे कळल्यावर आवाज इतका दबका का, याचं निदान माझ्यापुरतं उत्तर मिळालं. ही गाणी खोलीभर माणसं असताना एकाच कोणाशी बोलतात.

‘गेस्ट रूम’ अजूनही मला नीट लागलेलं नाही. पण वगळून पुढे जात नाही, येतं तिथे ऐकते.

झोपण्याआधी मैत्रिणीला कळवलं, “डावा तीन, उजवा चार. जमलं.” कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं. तिचं उत्तर लगेच आलं, “आता तोंडाने ओळ म्हणत वाजव.”

वाजवून पाहिलं. पुन्हा पाचवरच चुकले.