माळ्यावरच्या डेस्कटॉपचा सर्व्हर: तिसरा आठवडा

माळ्यावरच्या डेस्कटॉपवरून गडांचे फोटो घरातल्यांना फोनवर दाखवायचे, असा हा खटाटोप. मागच्या वेळी गाडी अडली होती ती टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीवर. पायथनचा एचटीटीपी सर्व्हर (ब्राउझरला पानं देणारा प्रोग्रॅम) ८००० पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर चालू, गडांचे फोटो घरातल्या सगळ्या फोनवर दिसतायत, आणि मी टर्मिनल बंद केलं की सगळं गायब. मग होम फोल्डरमध्ये सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू-बंद करणारी यंत्रणा) यूजर सर्व्हिस, म्हणजे माझ्या खात्यापुरती मागे चालणारी सेवा लिहिली. पाच-सहा ओळींची फाइल, झकास चालली. पण मशीन रीस्टार्ट केलं की मी लॉगिन करेपर्यंत ढिम्म. कारण सोपं आहे: यूजर सर्व्हिस सांभाळणारा मॅनेजरच मुळात लॉगिनबरोबर उठतो. 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' ही कमांड दिल्यावर तो बूटलाच (मशीन सुरू होतानाच) उठायला लागला.

इथेच थांबता आलं असतं. पण आईला पत्त्यामागे ८००० टाकायला लावणं बरं दिसेना. पत्त्यात नंबर नसला की ब्राउझर ८० पोर्ट धरतो, पण १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या यूजरला मिळत नाहीत, म्हणून सरळ एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर टाकला. डेबियनमध्ये (माझ्या मशीनवरचं लिनक्स) पॅकेज बसताच सर्व्हिस चालू होते आणि बूटलाही लागते, वेगळं काही करावं लागत नाही.

पान उघडलं तर ४०३, म्हणजे 'आत यायला मनाई'. एक अख्खी संध्याकाळ कॉन्फिग उलटीपालटी करण्यात गेली. कॉन्फिग तपासणारी 'एन्जिनएक्स -टी' ही कमांड दर वेळी म्हणतेय, सगळं ठीक. शेवटी एरर लॉग उघडला (तो आधी उघडायचा असतो, हे मला दर वेळी नव्याने कळतं). त्यात १३ नंबरची परमिशन डिनाइड. एन्जिनएक्सचे वर्कर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या यूजरच्या नावाने चालतात आणि डेबियन १२ मध्ये होम फोल्डर ७०० परमिशनचं (मालक सोडून बाकी यूजरना बंद) असतं. फोटोंची परमिशन कितीही मोकळी ठेवा, वाटेतलं दारच बंद. ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) करायचा मोह आवरला, फोटो 'एसआरव्ही' या सर्व्हरच्या फाइलींसाठीच्या फोल्डरमध्ये हलवले.

'सिस्टिमसीटीएल एडिट'ने एन्जिनएक्सच्या सर्व्हिसमध्ये 'रीस्टार्ट' समोर 'ऑन-फेल्युअर' (बिघडून पडली तर पुन्हा सुरू कर) एवढी एक भर घातली. तपासताना साधा किल ('बंद हो' अशी विनंती) दिला तर सर्व्हिस पडूनच राहिली, कारण सिस्टिमडीच्या लेखी ती शहाण्यासारखी बंद झाली होती. किल -९ (जबरदस्तीने बंद) दिल्यावर मात्र लगेच नवा पीआयडी (प्रोसेसचा नंबर), म्हणजे ती पुन्हा उठली.

एवढं झाल्यावर बुधवारी ऑफिसात आईचा फोन. "अरे, तुझा राजगड परत दिसेना!" घरी येऊन माउस हलवला, तर सर्व्हिस ठणठणीत आणि लॉगमध्ये दुपारभर शुकशुकाट. मशीन झोपलं होतं! ग्नोमच्या (डेस्कटॉपच्या) सेटिंगमध्ये मी सस्पेंड, म्हणजे आपोआप झोपणं, बंद केलं होतं, पण लॉगिन स्क्रीनचं सेटिंग वेगळं असतं. शेवटी स्लीप, सस्पेंड, हायबरनेट आणि हायब्रिड-स्लीप हे झोपेचे चारही टार्गेट मास्क केले, म्हणजे सिस्टिमडीला ते सुरूच करता येऊ नयेत असे बंद केले.

उरली लाइट. बायोसमध्ये (मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं ते 'पॉवर ऑन' केलं आणि भिंतीवरचं बटण बंद करून दहा सेकंदांनी लावलं. (जुन्या हार्ड डिस्कवर हे पुन्हा करणार नाही.) पंखा घरघरला, आणि कीबोर्डला हात न लावता फोनवर बालेकिल्ला दिसला.

आता राउटरमध्ये या मशीनचा आयपी (घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता) कायमचा बांधायचाय. काल तो बदलला आणि आईने लिहून ठेवलेला पत्ता पुन्हा चुकला.