सुभेदाराचा उमेदवारी अर्ज आणि अडलेलं 'नो ड्यूज'

निवडणूक लढवायची म्हटल्यावर लोकांनी मला पैशाची आणि जातीच्या गणिताची भीती घातली. प्रत्यक्षात मी अडलो एका 'नो ड्यूज'वर, म्हणजे थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, राहतो कामठीला. 2024 ला विधानसभेसाठी अपक्ष अर्ज भरला. अपक्षाला मतदारसंघातलेच दहा सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, लागतात. ते चहाच्या टपरीवरच जमले. दहा हजारांची अनामत घरचीच होती.

मग आला नमुना 26, म्हणजे शपथपत्र. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल, तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. 2019 पर्यंत मी परराज्यातल्या छावणीत क्वार्टरमध्ये होतो. निवृत्तीच्या वेळचा क्लिअरन्स फायलीत जपून ठेवलेला, पण तो चालत नाही. अधिसूचनेच्या महिन्याआधीच्या तिसऱ्या महिन्याची अखेर धरतात; अधिसूचना 22 ऑक्टोबरची, म्हणून थकबाकी नसल्याची तारीख 31 जुलै किंवा त्यानंतरची हवी.

तिकडच्या कार्यालयात फोन लावला. "आपका तो 2019 में ही क्लियर है, अब काहे का नो ड्यूज?" बाबूला नियम वाचून दाखवला. तो म्हणाला, अर्ज पाठवा. पाठवला. मग म्हणे, वीज-पाण्याचा विभाग वेगळा, तिकडे वेगळा अर्ज करा. तिकडचे साहेब रजेवर. इकडे अर्ज भरायची मुदत 29 ऑक्टोबरला दुपारी तीनला संपणार. ज्यानं उमेदीची वर्षं सीमेवर काढली, त्यानं पाणीपट्टी बुडवली नाही हे सांगायला एका सहीची एवढी वाट पाहायची? आतून पेटलो होतो.

शेवटी माझ्याच पलटणीतला एक पोरगा तिथं पोस्टिंगवर निघाला. "साब, आप टेन्शन मत लो," म्हणाला आणि सही-शिक्का होईपर्यंत टेबलासमोरून हलला नाही. कागद हातात आला तेव्हा बायकोनं देवापुढे ठेवला. टेलिफोन मी घेतलाच नव्हता, तेही त्यावर लिहून घेतलं. शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. कोऱ्या रकान्यावर अर्ज बाद होऊ शकतो.

दहा वर्षांच्या आत निवृत्त झालेल्या भावांनो, निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. ऑगस्ट उजाडताच हा अर्ज टाकला असता तरी चाललं असतं. मेजर जसवंत सिंह दिल्लीत परराष्ट्र, संरक्षण, अर्थ अशी खाती सांभाळून गेले. मेजर जनरल खंडुरी आधी केंद्रात मंत्री आणि मग उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. ते अधिकारी होते. हवालदार-सुभेदारांनीही विधानसभेत बसावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आणि हो, निवडणूक खर्चाचं बँक खातं स्वतंत्र लागतं, तेही अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं. पेन्शनचं खातं दाखवू नका.