बरक्या फणसाच्या फळ्या

दापोली, ५ फेब्रुवारी २०२३, रविवार

आज मेस्त्रींनी पहिल्या फळीवर रंधा फिरवला. वरचा धुरकट, करडा थर निघाला आणि आतून पिवळाधम्मक फणस बाहेर आला. पडवीभर पिवळी ढलपी.

हे झाड ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मुळासकट उपटलं. बरका, म्हणजे मऊ, लिबलिबीत गऱ्यांचा फणस, त्यामुळे बाजारात त्याला किंमत नव्हती, पण आमची सगळी सांदणं, म्हणजे फणसाच्या रसातले वाफवलेले गोड पदार्थ, त्याच्यावर व्हायची. त्या दिवसांत गावात आंबे, माड, पोफळी इतक्या आडव्या झाल्या होत्या की लाकडाला कोणी विचारत नव्हतं. एका व्यापाऱ्याने जळणाचा भाव सांगितला. सासूबाईंनी त्याला देवघराच्या दारात नेऊन उभं केलं. "ही चौकट कसली आहे ओळखा बघू. फणस जळणाला घालतात होय?"

मग कागदपत्रं. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात साग, आंबा, खैर यांच्या यादीत फणसही आहे, म्हणजे स्वतःच्या परसातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आमचा वादळाने पाडला, तरी ओंडके गिरणीत न्यायच्या आधी कागद करून घेतलाच.

गिरणीत लाकूड मोजायची रीत मला फार आवडली. ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. गोलाई ६० इंच आणि लांबी १० फूट असेल तर १५ गुणिले १५ गुणिले १०, भागिले १४४. साडेपंधरा घनफुटांच्या थोडं वर. शाळेतल्या भूमितीने तोच ओंडका जवळजवळ २० घनफूट भरतो. उरलेलं कुठे गेलं विचारलं, तर गिरणीवाले म्हणाले, "ते सालीचं आणि भुशाचं, वैनी." हिशेब इतका चोख की त्यात नासाडीसुद्धा आधीच धरलेली! त्यांचा दुसरा प्रश्न होता, "कपड्याची दोरी कुठे बांधायचात?" जुना खिळा सालीखाली गडप झालेला असतो आणि करवतीचा पट्टा त्यावर तुटतो. आम्ही जागा दाखवली, त्यांनी तेवढा तुकडा बाजूला काढला.

खरं काम त्यानंतरचं, म्हणजे काहीच न करण्याचं. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासला, कारण टोकांतून पाणी भराभर जातं आणि तिथूनच चिरा पडतात. दोन फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या घातल्या, पट्टीखाली पट्टी येईल अशा, आणि वर जांभे दगड ठेवले. सुकायला इंचाला एक वर्ष धरतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड सुकणं सोडा, उलट हवेतलं पाणी पितं. त्यामुळे दीड इंची फळ्यांना घाई केली नाही. त्याच झाडाचा एक छोटा तुकडा अधूनमधून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवत होते. उन्हाळ्यातही त्याचं वजन उतरायचं थांबलं, तेव्हाच मेस्त्रींना निरोप धाडायचं ठरवलं.

मला जेवणाचं टेबल हवं होतं. मेस्त्रींनी फळ्या उलटसुलट केल्या, एक डोळा मिटून कडा पाहिल्या आणि सांगितलं की टेबलाला पुरतील इतक्या सरळ फळ्या नाहीत. सालीलगतचं पांढरट लाकूड काढावंच लागणार, कीड तिथेच लागते. गाभ्याला वाळवीही सहसा शिवत नाही. म्हणून आता एक लांब बाक, आणि बुंध्याच्या रुंद फळीचा झोपाळा. तक्रार नाही. झाडाकडे बघून सामान ठरवायचं ही रीतच मला योग्य वाटते. दुकानात आपण उलटं करतो.

मुंबईहून दीर आलेत. पिवळा रंग बघून म्हणाले, "सागवानी पॉलिश मारून टाका." मुळीच नाही. फणस उजेडात आपोआप तांबूस-तपकिरी होत जातो; देवघराची चौकटही एके काळी अशीच पिवळी होती. नुसतं तेल पुसणार.

ढलपी मेस्त्री चुलीसाठी नेतात, पण पोतंभर मी मागून घेतली. फणसाच्या गाभ्यातून पिवळा रंग निघतो, ब्रह्मदेश-थायलंडकडे भिक्षूंची वस्त्रं त्यात रंगवत. तुरटी घालून एक जुनी सुती ओढणी उकळून बघायची आहे.

उद्या बाकाच्या पायांचे कुसू, म्हणजे सांध्याच्या भोकात बसणारी टोकं. सासूबाईंनी मात्र मेस्त्रींना बजावलंय की बाकाच्या आधी दोन पाट झाले पाहिजेत, आणि मजुरी त्या स्वतः देणार आहेत.