आमची वाटचाल : ड्यूटी सांभाळून उभा केलेला व्यवसाय

"त्या सिस्टरबाई आहेत, आयत्या वेळी ड्यूटी लागली की तुमचा कार्यक्रम वाऱ्यावर." कार्यक्रम आयोजनाच्या आमच्याच धंद्यातल्या एका गृहस्थांनी हे इतक्या पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, ऐकवलंय की मला आता ते पाठ झालंय. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. ड्यूटीपायी आमचा एकही कार्यक्रम आजवर अडलेला नाही, एवढं मात्र लिहून ठेवते.

सुरुवात वॉर्डातूनच झाली. निरोप समारंभ असो की 12 मेचा परिचारिका दिन, सगळं माझ्या गळ्यात पडायचं. हॉस्पिटलच्या मेंटेनन्समधले इलेक्ट्रिशियन काका मदतीला यायचे. पुढे बाहेरची कामं मिळू लागली तसे ते आमचे भागीदार झाले, कागदावर नाही, तोंडी. त्यांच्या पेटीत क्लॅम्प मीटर, टेस्टर, कापडी गॅफर टेप आणि वेगवेगळ्या जाडीचे फ्यूज ओळीने लावलेले असत. खाकी पॅकिंग टेप दिसला की त्यांचं डोकं फिरायचं, कारण तो काढताना हॉलच्या फरशीवर गोंद राहतो. केबलचा ड्रम पूर्ण उलगडल्याशिवाय त्यांनी कधी लोड दिला नाही. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते आणि तिचं वेष्टन वितळतं. हे ठाऊक नसलेले लोक आजही मोठमोठे शो घेतात.

काकांनी वीज शिकवली आणि मी त्यांना हँडओव्हर शिकवला. शिफ्ट बदलताना आम्ही नर्सेस चार गोष्टी सांगतो: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, माझा अंदाज काय, आता काय करायला हवं. मुळात ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आली. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचा कागद याच चार रकान्यांत असतो. मी दुपारी दोनला ड्यूटीवर गेले तरी संध्याकाळचा माणूस तो वाचून उभा राहतो. वाऱ्यावर सोडणं कशाला म्हणतात ते या गृहस्थांनी आमच्याकडे येऊन बघावं.

आता 2020. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला 200 वर्षं होत होती. सत्कार, परिषदा, संमेलनं अशा तारखांनी आमची डायरी भरली होती. 11 मार्चला महासाथ जाहीर झाली आणि डायरी कोरी झाली. ज्यांच्या सत्कारासाठी स्टेज ठरलं होतं त्या सगळ्या पीपीई किट घालून आयसीयूत, आणि मीही त्यांच्यातच.

पार्ट्यांचे ॲडव्हान्स आम्ही हॉलवाल्यांना आणि सजावटवाल्यांना आधीच देऊन बसलो होतो. तरी पगारातून जमेल तसे परत करायला लागले. त्या गृहस्थांनी मात्र "पैसे परत नाहीत, तारीख पुढे घ्या" असं धोरण ठेवलं. ठेवा बापडे, ज्याचा त्याचा धंदा. पण माझा फोन लॉकरमध्ये पडलेला असताना त्यांनी आमच्या पार्ट्यांना फोन केले: "त्या कोविड वॉर्डात काम करतात, त्यांची माणसं तुमच्या घरात घ्याल का?" बाहेर नर्सेससाठी टाळ्या वाजत होत्या, आणि इथे आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळत होती. काकांनी जनरेटर विकायचा विषय काढला, तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही.

एका कारखान्याच्या मालकीणबाई तेवढ्या हलल्या नाहीत. कामगारांचा वार्षिक मेळावा त्या आम्हालाच देतात. बाई कडक आहेत, प्रत्येक खुर्ची हलवून बघतात, माइकची बॅटरी नवी आहे ना ते स्वतः विचारतात. त्यांचा ॲडव्हान्स परत करायला फोन केला तर म्हणाल्या, "ठेवा तो. बंदी उठली की पहिला कार्यक्रम माझा." तसाच झाला, मोकळ्या मैदानात, खुर्च्यांमध्ये अंतर ठेवून. त्याच पैशांतून जनरेटरची दुरुस्ती झाली आणि तो विकायचा विषय मागे पडला.

पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नोकरी सांभाळून या धंद्यात येणाऱ्यांना मात्र सांगते. नाइट संपवून सकाळचा शो घेऊ नका. सलग 17 तास जागं राहिलं की माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलंय; अशा अवस्थेत शिडीवर चढायचं नाही आणि टेम्पोही चालवायचा नाही. रोस्टर लागल्याशिवाय तारखेला होकार देऊ नका. तात्पुरत्या वायरिंगला, विजेची 30 मिलिॲम्पियर गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच लावाच. हॉल बघायला गेलात की एईडी, म्हणजे कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे आहे ते विचारा. बहुतेक मॅनेजरना तो शब्दच माहीत नसतो.

गेल्या महिन्यात त्याच गृहस्थांचा फोन आला. मोठी मॅरेथॉन घेतलीय म्हणे, प्रथमोपचाराच्या तंबूसाठी अनुभवी नर्सेस हव्यात. मी दर सांगितला. ॲडव्हान्स पूर्ण द्यायचा आणि तो परत मिळणार नाही, हेही सांगितलं.