शिरोड्याच्या मिठात २.८२ अँगस्ट्रॉम

दिवाळीपासून चाललेलं स्फटिकाचं काम या आठवड्यात एकदाचं मार्गी लागलं. क्ष-किरण न वापरता, मिठात सोडियम आणि क्लोरीन एकमेकांपासून किती अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) लांब बसतात ते घरी मोजायचं, हा हट्ट होता.

पहिला प्रयत्न शिरोड्याच्या खडे मिठावर. घनता आली घनसेंमीला २.०५ ग्रॅम, हवी २.१६ च्या आसपास. भिंगाखाली खड्यात पांढुरक्या चौकटीत चौकट दिसली. वाढताना आत अडकलेलं खारं पाणी ते. शिवाय मॅग्नेशियम क्लोराइडमुळे खड्याला सारखं पाणी सुटायचं. मग मीठ पावसाच्या साठवलेल्या पाण्यात विरघळवलं, फडक्यातून गाळलं, पुन्हा स्फटिक पाडले आणि शेवटी उरलेलं कडवट पाणी फेकून दिलं. त्यातला एक नितळ खडा तंगुसाला बांधून बरणीत सोडला. पावसाळ्यात हे करू नका. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढतं. आणि रोज बरणी हलवून बघायचा मोह आवरा, नाहीतर तळाशी नवे खडे धरतात.

वजनासाठी ओळखीच्या सोनारकाकांचा काटा. “मीठ कित्याक जोखतंस रे?” त्यांनी विचारलं, पण स्फटिक उजेडात धरल्यावर स्वतःच काच पुसून काटा शून्यावर आणून दिला. स्फटिक ६.४८ ग्रॅम. मग काट्यावर रॉकेलचा पेला ठेवून स्फटिक त्यात तळाला न टेकता लोंबता धरला: आकडा २.४० ने चढला, म्हणजे स्फटिकाने बाजूला सारलेल्या रॉकेलच्या वजनाने. रॉकेल ५० मिलिला ४० ग्रॅम, म्हणजे स्फटिक ३ घनसेंमी, घनता २.१६.

पुढे नुसतं गणित. ५८.४४ (एक मोल मिठाचे ग्रॅम) ला २.१६ ने भागा, मग ६.०२२ × १०^२३ (एका मोलातल्या सोडियम-क्लोरीन जोड्या) ने, मग दोनाने, कारण प्रत्येक जोडीत दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. येतो तो एका आयनाच्या वाट्याचा घन, त्याची बाजू म्हणजेच अंतर. घनमूळ २.८२ अँगस्ट्रॉम! घनमुळामुळे चूकही आक्रसते. त्या गढूळ खड्यानेसुद्धा २.८७ दिलं असतं. १९१३ साली धाकट्या ब्रॅगने (क्ष-किरणांनी स्फटिक अभ्यासणाऱ्या बापलेकांतला मुलगा) मिठाची रचना उलगडली, तेव्हा अंतराचं माप त्यानेही घनतेवरूनच घेतलं होतं. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

खरी अडचण यानंतरची: या २.८२ मध्ये कोणाचा वाटा किती? क्लोरीनच्या रेणूत दोन केंद्रं १.९९ वर, म्हणून अर्धं, ०.९९. हिऱ्यात कार्बनचं अर्धं ०.७७. बेरीज १.७६, आणि कार्बन टेट्राक्लोराइडमधला बंध १.७७ भरतो. हा हिशेब मिठात चालत नाही, तिथे क्लोरीन आयन झालेला असतो. १९२० साली लांडे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने वाट काढली: लिथियम इतका लहान की त्याच्या क्षारांत मोठे आयनच एकमेकांना टेकतात. लिथियम क्लोराइडमध्ये क्लोरीन ते क्लोरीन ३.६३, अर्धं १.८२. सोडियमला उरलं १.००. एकच क्लोरीन, एका सोबतीत ०.९९, दुसरीत १.८२. त्यामुळे कोणासोबत ते सांगितल्याशिवाय मी आता अणूचा आकार लिहीत नाही.

सावंतवाडीच्या एका कारागिराकडून लाकडी गोळे कातून आणले, १ सेंमीला १ अँगस्ट्रॉम. मोठे ३६ मिमीचे १४, लहान २० मिमीचे १३. रचल्यावर मोठ्या गोळ्यांमधल्या फटीतून आगकाडी सहज जाते. लहान काढून त्या जागी लिथियमचे १५ मिमीचे बसवले, तर तिथून कागदही सरकत नाही.