तानसाचा वनपिंगळा: जाणार असाल तर

ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल धरायची आणि आसनगावच्या पुढच्या स्टेशनला, आटगावला उतरायचं. तिथून तानसाला रिक्षाने जाता येतं. भाडं बसण्याआधी ठरवा आणि परतीचंही त्यातच बोलून घ्या. जंगलातून निघताना रिकामी रिक्षा दिसणं वनपिंगळा, म्हणजे आपण बघायला निघालोय ते दुर्मिळ छोटं घुबड, दिसण्यापेक्षा अवघड आहे. तानसा अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाची परवानगी आणि गावातला वाटाड्या या दोन गोष्टी आधीच पक्क्या करा. लेन्सवर लाख खर्च करणारे लोक वाटाड्याशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतात, ते बघवत नाही.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. सागाची पानं गळलेली असतात, त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपत नाही. पण आपणही लपत नाही. वाळक्या पानांवर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. आमच्या वाटाड्याने पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं, "दादा, चालू नका. थांबा. त्याला बोलू द्या."

वनपिंगळा घुबडांच्या कुळातला असूनही दिवसाढवळ्या वावरतो, तेव्हा अंधारात टॉर्च घेऊन फिरायची गरज नाही. ऊन वर यायला लागलं आणि आमच्यातला एकजण "तो बघ" म्हणून ओरडला. वाटाड्याने मानही वळवली नाही. "तो गावातला पिंगळा." खरंच, डोक्यावर पांढरे ठिपके होते. फरक इथेच बघायचा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, जंगल पिंगळा या तिसऱ्याच पक्ष्याच्या डोक्या-पाठीवर बारीक आडव्या रेघा असतात. वनपिंगळ्याचं डोकं मोठं, मातकट आणि जवळजवळ कोरं असतं.

तो पुढे ओढ्याच्या काठी दिसला, निष्पर्ण सागावर. दुर्बिणीत आधी छाती भरली: वरच्या बाजूला सलग तपकिरी, खाली पोट एकदम पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पायांवर तर इतकी दाट पांढरी पिसं की हिवाळी मोजे घातल्याचा भास व्हावा. तो खाली पाचोळ्यात टक लावून होता आणि शेपटी झटके देत हलत होती. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे असं त्याचं खाणं. एकदा झेपावला, रिकामाच परत आला आणि पुन्हा त्याच फांदीवर बसला.

या पक्ष्याची कथा जाण्याआधी माहीत असलेली बरी. १८७२ मध्ये ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडच्या भागात त्याचा नमुना, म्हणजे संग्रहासाठी मारलेला पक्षी, मिळवला. पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी वर्णन करून पक्ष्याला ब्लूइट यांचंच नाव दिलं. १८८४ नंतर शंभरहून जास्त वर्षं एकही नोंद नाही. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीत मिळवल्याचा दावा केलेला नमुना. तो निघाला संग्रहालयातून चोरलेला जुनाच, नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली. मग मांडवीचा नाद सोडून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढत त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पोचले. तिथे तो होता. म्हणजे ११३ वर्षांनी! तानसातली नोंद त्याहून ताजी, २०१४ ची.

भारताबाहेर हा पक्षी कुठेच नाही, आणि इथेही मध्य भारतातल्या जंगलांच्या सुट्या तुकड्यांत, बेटांवर राहावं तसा राहतो. तुकडा तुटला, वणवा लागला की तिथला संपला. २०१८ मध्ये धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत (आययूसीएन) त्याला 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त' वर्गात आणलं गेलं. वर्ग बदलला म्हणून गाफील राहावं अशी स्थिती नाही.

म्हणूनच मोबाइलवर त्याची हाक वाजवू नका, मग कितीही वाट बघावी लागो. पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा काळ चालतो. खोटी हाक ऐकून तो दुसऱ्या नराला हुसकावायला धावतो आणि ढोलीतलं घरटं वाऱ्यावर राहतं. ढोली दिसली तर मागे फिरा, तिचं ठिकाण कुठे टाकू नका. आमच्या समोरच एका टोळीने स्पीकर काढला होता. वाटाड्याने त्यांना गोड शब्दांत परत पाठवलं, आम्हाला ते इतकं गोड जमलं नसतं.

बाकी किरकोळ: कपडे मळखाऊ रंगाचे, डबा आणि भरपूर पाणी घरूनच. रेंजच्या भरवशावर राहू नका. तानसा धरण मुंबईच्या पाणीपुरवठ्याचं आहे, तेव्हा त्याच्या भिंतीकडे कॅमेरा वळवू नका. दहा-साडेदहानंतर ऊन चढतं आणि हालचाल मंदावते, तेवढ्यात निघालात तरी चालेल. परतीच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच बघून ठेवा, आटगावला लोकल ठाण्यासारख्या पाच-पाच मिनिटांनी येत नाहीत.